पांढऱ्या ढगात काय असते?

चहाची किटली उकळू लागली की तिच्या तोटीकडे नीट पाहा. तोटीच्या अगदी तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते व त्यापुढे पांढरा ढग सुरू होतो. खरी वाफ त्या ‘रिकाम्या’ जागेत आहे. वायुरूप असल्याने ती दिसत नाही. पुढे थंड हवेत तिचे सूक्ष्म थेंब बनतात, ते प्रकाश सर्व दिशांना विखुरतात आणि आपल्याला पांढरे दिसते. हिवाळ्यात सकाळी पवईच्या तलावावर धुके पडते, तेही असेच थेंबांचे.

त्याच तलावाकाठी एखादा तरुण पेनासारख्या नळीचा झुरका घेऊन फळाच्या वासाचा पांढरा लोट सोडताना तुम्ही पाहिला असेल. ही ई-सिगारेट, म्हणजेच ‘व्हेप’. “सर, ती नुसती पाण्याची वाफ असते,” असे कॉलेजातली मुलेही मला सांगतात. आता तुम्हीच पडताळा. लोट दिसतो, अर्थात ते थेंब आहेत. कशाचे? मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचे. त्यांत बहुधा निकोटीन आणि सुवासिक द्रव्ये.

यंत्र साधे आहे. 3.7 व्होल्टची बॅटरी, तारेचे वेटोळे आणि द्रव शोषणारी वात. तारेचा रोध 1 ओहम धरा. शक्ती सुमारे 14 वॅट येते. 3 सेकंदांच्या झुरक्यात 42 जूल उष्णता! एवढ्या उष्णतेने 10 ग्रॅम पाणी जेमतेम 1 अंशाने तापेल. पण इथे तापायचे असतात काही मिलिग्रॅम, म्हणून तापमान 200 अंश सेल्सिअसपलीकडे सहज जाते. वात ओली असेपर्यंत उकळणारा द्रव तापमानाला आवर घालतो. ती कोरडी पडली, की पाणी आटलेल्या पातेल्यासारखी गत होते: द्रव करपतो व त्यातून फॉर्माल्डिहाइड तयार होते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडूक ज्यात बुडवून ठेवतात, त्या फॉर्मॅलिनमधले हेच द्रव्य.

काही जळत नाही, त्यामुळे विडी-सिगारेटचे डांबर यात नसते, हे कबूल. परंतु यातील बरेच थेंब 1 मायक्रॉनहूनही लहान असतात. नाकातील केसांना चुकवून ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचते. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात जडलेले व्यसन सुटणे फार कठीण. शिवाय अनेक द्रवांत बेन्झोइक आम्ल घालून निकोटीनचा तिखटपणा घालवलेला असतो. म्हणजे नवख्या मुलाला सावध करणारा खोकलाही येत नाही!

“पण ही द्रव्ये तर खाण्यात चालतात ना?” चालतात, पोटात. फुप्फुसाचे गणित निराळे. ई जीवनसत्त्वाचे एक संयुग, व्हिटॅमिन ई ॲसिटेट, त्वचेला लावतात, गोळ्यांतूनही घेतात. अमेरिकेत 2019 मध्ये ते व्हेपच्या द्रवात, विशेषतः गांजाचा अर्क असलेल्या द्रवात, मिसळले गेले. फुप्फुसाच्या या विकाराचे फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्ण नोंदले गेले; 68 दगावले.

भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी आहे. उत्पादन, आयात, विक्री वा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा जी नळी आज दप्तरात सापडते, मग ती पेनाच्या आकाराची असो की पेनड्राइव्हच्या, ती चोरट्या मार्गानेच आलेली असते. तिच्या वेष्टनावर ‘निकोटीन नाही’ असे छापलेले असले, तरी ते तपासून पाहिलेले नसते.