सुबाभूळ : गुणाची की अवगुणाची?

शाळेच्या वाटेवर, कालव्याच्या काठाने किंवा गावाबाहेरच्या पडीक जागेत एक झाड तुम्ही नक्कीच पाहिले असेल. पाने लाजाळूसारखी, बारीक बारीक पर्णिकांची. फुले म्हणजे पांढरे गोंडेच. फांद्यांना चपट्या, तपकिरी शेंगांचे झुबके लोंबत असतात आणि वारा आला की ते खुळखुळतात. रूप बाभळीचे, पण काटे मात्र नाहीत. हीच सुबाभूळ. हिचे शास्त्रीय नाव ल्युसीना ल्युकोसेफाला. 'ल्युकोसेफाला' म्हणजे पांढऱ्या डोक्याची. तिच्या गोंड्यांकडे पाहिले की हे नाव पटते.

हरभरा, भुईमूग, चिंच, पळस आणि बाभूळ ही सारी सुबाभळीची भावंडे. शेंगा धरणाऱ्या या वनस्पतींच्या कुलाला शिंबी कुल म्हणतात. काही वर्षांपूर्वी या झाडाचा 'चमत्कार' म्हणून गौरव झाला. पुढे त्याचेच नाव उपद्रवी वनस्पतींच्या यादीत गेले. एकाच झाडाच्या वाट्याला असे दोन निकाल कसे आले, ते आज पाहू या.

मेक्सिकोहून मनिलाला

सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. तेथील लोक या झाडाच्या आणि त्याच्या जातभाईंच्या कोवळ्या शेंगा व बिया फार पूर्वीपासून खात आले आहेत. मेक्सिकोतील ओहाका या शहराचे नावही याच झाडांवरून पडले आहे.

१५६५ नंतर स्पॅनिश लोकांची गलबते मेक्सिकोतील आकापुल्को बंदरातून पॅसिफिक महासागर ओलांडून फिलिपाइन्समधील मनिलाला जाऊ लागली. त्या वाटेने ही वनस्पती आशियात आली. फिलिपाइन्समध्ये तिला 'इपिल-इपिल' हे नाव मिळाले. पुढे इंडोनेशियात तिला 'लामतोरो' म्हणू लागले. कॉफी आणि कोको यांच्या मळ्यांत सावलीसाठी लोक ती लावू लागले. मात्र हा झुडपासारखा, बुटका वाण होता. १९६० च्या दशकात हवाई विद्यापीठातील जेम्स ब्रूबेकर यांनी मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आणलेल्या उंच वाणांचा अभ्यास केला. 'के-८' हा त्यांतलाच एक. झुडूप पाच मीटरांच्या आसपास थांबते, तर हे वाण पंधरा-वीस मीटरांपर्यंत वाढतात.

उरुळीकांचनची सुबाभूळ

महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा माणसांना धान्य हवे होते आणि जनावरांना वैरण. पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था स्थापन केली होती. गाईंची जात सुधारायची तर त्यांना सकस चाराही हवा, हे त्यांनी ओळखले. १९७० च्या दशकात या संस्थेने हवाईचे उंच वाण भारतात लावले आणि त्यांचा प्रसार केला. 'सु' म्हणजे चांगली, म्हणून ही सुबाभूळ. मणिभाईंना त्यांच्या ग्रामविकासाच्या कार्यासाठी १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

लोकांना या झाडाची भुरळ पडली यात नवल नाही. वाळलेल्या पाल्यात शेकडा वीस-पंचवीस भाग प्रथिने असतात. ज्वारीच्या कडब्यात ती जेमतेम चार-पाच भाग असतात. झाड तोडले की बुंध्याला पुन्हा फुटवे येतात, त्यामुळे सरपण मिळत राहते. सोटमूळ खोल जात असल्याने उन्हाळ्यातही पाला हिरवा राहतो. लाकडाचा लगदा कागदासाठी चालतो. आंध्र प्रदेशात तर कागद गिरण्यांना विकण्यासाठी शेतकऱ्यांनी सुबाभळीची शेती केली.

मुळांवरचा कारखाना

इतकी प्रथिने या झाडाजवळ येतात तरी कोठून? प्रथिनांसाठी नायट्रोजन लागतो. हवेत तो शेकडा ७८ भाग आहे, परंतु त्याच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की वनस्पतींना तो तसाच वापरता येत नाही. सुबाभळीच्या मुळांवर लहान लहान गाठी असतात. त्यांत रायझोबियम गटातील जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर पुरवते आणि ते हवेतील नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर करून झाडाला देतात.

यात एक अडचण आहे. हे काम करणारे विकर ऑक्सिजन लागला की निकामी होते, पण जिवाणूंना श्वसनासाठी थोडा ऑक्सिजन तर हवाच. म्हणून गाठीत आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनसारखाच एक पदार्थ असतो. तो ऑक्सिजन धरून ठेवतो आणि लागेल तसा मोजून देतो. त्याच्यामुळे जिवंत, कामसू गाठ कापल्यावर आतून गुलाबी दिसते. पाला जमिनीत कुजला की हाच नायट्रोजन शेजारच्या पिकालाही मिळतो.

शेपटीचे केस का गळाले?

आता नाण्याची दुसरी बाजू. सुबाभळीचा पाला भरपूर खाल्लेल्या घोड्यांच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात, हे लोकांच्या फार पूर्वी ध्यानात आले होते. याचे कारण पाल्यातील मायमोसीन हे अमिनो आम्ल. लाजाळूतही ते असते. गाई-शेळ्यांच्या पोटात त्याचे दुसऱ्या एका पदार्थात रूपांतर होते आणि तो पदार्थ गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या कामात बिघाड करतो. ऑस्ट्रेलियात अशी जनावरे खंगू लागली.

पण गंमत पाहा! हवाई बेटांवरील शेळ्या हाच पाला मनसोक्त खाऊनही ठणठणीत होत्या. पाला तोच, मग फरक कशात? ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना वाटले, फरक पोटातील जिवाणूंत असावा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतील शेळ्यांच्या पोटातील द्रव ऑस्ट्रेलियातील जनावरांना दिला गेला आणि ती जनावरेही हे विष पचवू लागली! तो उपकारी जिवाणू पुढे ओळखता आला. १९९२ मध्ये त्याला जोन्स यांच्या सन्मानार्थ सिनर्जिस्टिस जोन्सिआय असे नाव मिळाले. तरीही गाई-शेळ्यांच्या एकूण चाऱ्यात सुबाभूळ तिसऱ्या हिश्श्याहून कमीच असावी, आणि घोड्याला ती घालूच नये.

एक इवलीशी कीड

दुसरा धडा एका किडीने दिला. सायलिड नावाची ही कीड माव्यासारखी कोवळ्या शेंड्यांतील रस शोषते. ती मूळची अमेरिका खंडातील. १९८४ मध्ये ती हवाईत दिसली, १९८५ मध्ये फिलिपाइन्समध्ये, १९८६ मध्ये इंडोनेशियात आणि १९८८ मध्ये भारतात. जेथे गेली तेथे तिने शेंडे जाळून टाकले. ती इतक्या झपाट्याने का पसरली? लाखो झाडे मोजक्याच वाणांची होती. शिवाय सुबाभळीच्या फुलांत स्वपरागीभवन होते, म्हणून झाडे एकमेकांच्या प्रतीच असतात. एक झाड बळी पडले की शेजारचेही पडणारच. शेवटी सायलिड खाणारे ढालकिडे सोडून आणि नवे संकरित वाण शोधून या किडीला आळा घालावा लागला.

तिसरा दोष आहे तिच्या बियांचा. प्रत्येक शेंगेत वीसच्या आसपास बिया असतात. त्यांचे कवच इतके टणक असते की त्या जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. चराई किंवा तोड नसेल तेथे दाट रान माजते आणि स्थानिक झाडांना जागा उरत नाही. जगातील १०० अत्यंत उपद्रवी आगंतुक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत म्हणूनच सुबाभूळ आहे.

करून पाहा

१) सुबाभळीच्या बियांचे वीस-वीसचे दोन गट करा. शिक्षकांच्या देखरेखीखाली एक गट सुमारे ८०° सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तीन मिनिटे ठेवा आणि मग थंड पाण्यात टाका. दुसरा गट तसाच ठेवा. दोन्ही गट ओल्या फडक्यात ठेवून दहा दिवस उगवण मोजा. टणक कवचाचे काम तुम्हांला कळेल. प्रयोग झाल्यावर रोपे बाहेर टाकू नका, नष्ट करा.

२) भुईमुगाचे किंवा चवळीचे रोप न उपटता मातीसह खणून काढा. मुळे हलकेच धुऊन एक गाठ कापा. आतला रंग वहीत टिपून ठेवा.

३) सुबाभळीची एक फांदी भर दुपारी पाहा आणि पुन्हा अंधार पडल्यावर पाहा. पर्णिकांत काय बदल झाला?

तर मित्रांनो, सुबाभूळ गुणाची की अवगुणाची? ज्या शेतकऱ्याच्या बांधावर ती दर दोन महिन्यांनी छाटली जाते, त्याच्या शेळ्यांना विचाराल तर ती गुणाची. ज्या टेकडीवर तिच्याखाली गवताची काडीही उगवत नाही, तेथे ती अवगुणाची. झाड तेच आहे. ते कोठे लावले आणि त्याची निगा कोण राखतो, यावर सारे अवलंबून आहे. उद्या एखादे नवे 'चमत्काराचे झाड' आले, तर लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : याचे बी कोठवर पसरेल? याच्या पानांत आणखी काय आहे? आणि एकाच वाणाची किती झाडे आपण लावणार आहोत?