गिनी फाउलची सुरक्षित निवारा-व्यवस्था (कोल्हापूर परिसर)

गिनी फाउल हा मूळचा आफ्रिकेतील, कोंबडीच्या गणातला पाळीव पक्षी आहे. त्याचे शास्त्रीय नाव न्युमिडा मेलिआग्रिस असे आहे. राखाडी पिसांवरील पांढरे ठिपके, पिसे नसलेले डोके व त्यावरील हाडासारखा तुरा यांवरून तो ओळखता येतो. भारतात या पक्ष्याच्या सुधारित वाणांवर उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने काम केले असून कादंबरी, चितांबरी व श्वेतांबरी हे वाण तेथे विकसित झाले आहेत. अंडी व मांस यांबरोबरच कीटक वेचून खाण्याची सवय आणि अनोळखी हालचाल दिसताच मोठ्याने ओरडण्याचा स्वभाव, यांसाठी शेतघरांवर हा पक्षी पाळला जातो.

राखणदार म्हणून प्रसिद्ध असलेला हा पक्षी स्वतःचे रक्षण मात्र फारसे करू शकत नाही, विशेषतः रात्री. त्यामुळे गिनी फाउल पालनात खाद्य व औषधोपचार यांइतकेच निवाऱ्याच्या बांधणीला महत्त्व आहे. कोल्हापूर जिल्ह्यात उसाची दाट शेती, सह्याद्रीचे जंगल आणि पंचगंगेच्या खोऱ्यातील पूर या तिन्हींचा विचार ही बांधणी करताना करावा लागतो.

स्वभाव आणि धोक्याची कारणे

गिनी फाउल कळपाने राहतो. दिवसा त्याची नजर तीक्ष्ण असते व कळपातील एकाने इशारा दिला की सर्व पक्षी एकाच वेळी गलका करतात. अंधार पडल्यावर मात्र त्याला नीट दिसत नाही. अशा वेळी तो असेल तेथेच बसून राहतो आणि हल्ला झाला तर दिशाहीन उडून जमिनीवर आपटतो.

गावठी कोंबडी तिन्हीसांजेला आपोआप खुराड्याकडे वळते. गिनी फाउलचा कल उंच जागी बसण्याकडे असतो. सवय लावली नाही तर तो आंबा, बाभूळ किंवा घराच्या कौलांवर रात्र काढतो. झाडावर बसलेला पक्षी कुत्र्यापासून वाचतो, परंतु झाडावर चढणारे उदमांजर व रात्री शिकार करणारी मोठी घुबडे यांच्या तावडीत सापडतो.

तिसरा धोका अंडी घालण्याच्या हंगामात उद्भवतो. मादी उंच गवतात, बांधाच्या आडोशाला किंवा उसाच्या सरीत लपवून घरटे करते आणि खुडूक झाल्यावर रात्रीही तेथेच बसते. अशी मादी अंड्यांसह भक्षकाच्या तोंडी जाण्याचा संभव मोठा असतो.

परिसरातील भक्षक

जमिनीवरून येणाऱ्या भक्षकांत मुंगूस, रानमांजर, कोल्हा व भटकी कुत्री हे प्रमुख आहेत. मुंगूस दिवसा फिरते आणि अंडी व पिल्ले पळवते. रानमांजर व कोल्हा उसाच्या फडात आसरा घेतात आणि मुख्यतः संध्याकाळी, रात्री वा पहाटे बाहेर पडतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होऊन ऊसतोड चालू झाली की या प्राण्यांचा आडोसा नाहीसा होतो व ते वस्तीच्या जवळ येतात. म्हणून गळीत हंगामात अधिक दक्षता घ्यावी लागते. कुत्रे पातळ जाळी दातांनी फाडते आणि एकदा आत शिरले की भुकेपुरता एक पक्षी घेऊन थांबत नाही, समोर येईल त्याला मारते.

शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा यांसारख्या पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांत बिबट्याचाही वावर असतो. नाग व धामण हे साप अंडी व लहान पिल्ले गिळतात. घूस व उंदीर पिल्लांना इजा करतात, अंडी नेतात, शिवाय त्यांच्या बिळांतून सापांना वाट मिळते. दिवसा शिक्रा, घार व कावळा यांच्यापासून पिल्लांना जपावे लागते.

निवाऱ्याची रचना

जागा : निवारा उंचवट्यावर, राहत्या घराच्या हाकेच्या अंतरावर आणि उसाच्या फडापासून शक्य तितका दूर असावा. भोवतीचे दहा-पंधरा फूट अंतर गवत, काटक्या व पाचटाचे ढीग यांपासून मोकळे ठेवावे. उघड्या जागेतून जाणे बहुतेक लहान भक्षक टाळतात, आणि घुशींची नवी बिळेही लगेच दिसतात.

आकारमान : प्रत्येक मोठ्या पक्ष्यास सुमारे अडीच चौरस फूट जागा धरल्यास २५ पक्ष्यांसाठी ८ फूट लांब व ८ फूट रुंद खोली पुरते. दाटी झाल्यास पक्षी एकमेकांना टोचतात आणि घाबरल्यावर कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरतात. छताची उंची ७ ते ८ फूट असावी.

पाया व जमीन : कोल्हा आणि कुत्रा जमीन उकरून आत येतात. दगडी किंवा काँक्रीटचा जोता हा त्यावर सर्वांत टिकाऊ उपाय आहे. आजरा, चंदगड भागात जांभ्याचे चिरे यासाठी सोयीचे पडतात. जोता घालणे शक्य नसल्यास जाळी भिंतीखाली दीड फूट खोल पुरावी, किंवा भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूस दोन फूट आडवी पसरून तिच्यावर माती व दगड टाकावेत. उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरतो, त्यामुळे आडव्या जाळीशी त्याची वाट अडते. आत भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरून गादी पद्धतीने पक्षी ठेवता येतात.

भिंती व जाळी : खालचा दोन फुटांचा भाग विटांचा किंवा पत्र्याचा भरीव असावा आणि त्यावर जाळी बसवावी. षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडीजाळी पक्ष्यांना आत ठेवते, परंतु भक्षकाला बाहेर ठेवू शकत नाही. तिच्याऐवजी अर्धा इंच छिद्राची, सांधे जोडलेली वेल्डमेश जाळी वापरावी. या जाळीतून मुंगूस, घूस व मोठे साप आत येऊ शकत नाहीत. जाळी खिळे वाकवून न ठोकता पट्टी व स्क्रूने आवळावी.

छत व दार : भिंत आणि छत यांच्यामधील फट ही उदमांजराची नेहमीची वाट असते, म्हणून वायुवीजनासाठी ठेवलेल्या प्रत्येक झरोक्यास जाळी लावावी. दाराखाली अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट राहू नये. आतल्या बाजूस कोंडीसारखी दुहेरी दारे केल्यास माणूस आत जाताना पक्षी उडून बाहेर जात नाहीत.

बसण्याचे दांडे : जमिनीपासून ३ ते ५ फूट उंचीवर, प्रत्येक पक्ष्यास सुमारे ८ इंच जागा मिळेल असे दांडे बसवावेत. उंच बसण्याची गरज आत भागली की झाडावर जाण्याची ओढ कमी होते. दांडे जाळीला लागून नसावेत, कारण बाहेरून पंजा घालून झोपलेल्या पक्ष्यास ओढले जाण्याची भीती असते.

घरी परतण्याची सवय

भक्कम निवारा बांधला तरी पक्षी त्यात रात्री आलाच नाही तर खर्च वाया जातो. नव्याने आणलेले पक्षी चार ते सहा आठवडे निवाऱ्यातच कोंडून ठेवावेत. त्यानंतर आधी दोन-तीन पक्षी सोडावेत. आतल्या सोबत्यांच्या आवाजामुळे ते दूर जात नाहीत. हळूहळू सर्व कळप सोडता येतो.

संध्याकाळचे दाणे नेहमी निवाऱ्यातच, सूर्यास्तापूर्वी आणि ठरावीक हाक देऊन किंवा डबा वाजवून टाकावेत. ज्वारी किंवा मक्याचा भरडा त्यांना आवडतो. दिवसा भरपूर दाणे मिळालेला पक्षी संध्याकाळी हाकेला येत नाही. गिनी फाउल काळोख्या जागेत शिरायला कचरतो, म्हणून ते आत येईपर्यंत मंद दिवा लावावा. मागे राहिलेल्यांना पळवून पकडू नये. दोन्ही हातांत लांब काठ्या आडव्या धरून त्यांना सावकाश दाराकडे वळवावे. दार लावण्यापूर्वी रोज पक्षी मोजावेत.

हंगामात पक्ष्यांना दुपारपर्यंत आत ठेवल्यास बरीच अंडी निवाऱ्यातच मिळतात व बाहेर घरटी करण्याचे प्रमाण घटते.

पिल्लांचे संरक्षण

गिनी फाउलची अंडी उबण्यास २६ ते २८ दिवस लागतात. कोंबडीच्या अंड्यांस २१ दिवस लागतात. ग्रामीण भागात ही अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवण्याची पद्धत सोयीची ठरते, कारण गिनी फाउलची मादी पिल्लांना पहाटेच्या दवात व ओल्या गवतात फिरवते आणि भिजलेली पिल्ले गारठून मरतात.

पिल्ले फार लहान असतात व रुंद छिद्रांच्या जाळीतून सहज बाहेर पडतात. त्यांच्यासाठी वेगळा, चारही बाजूंनी व वरून बंद कप्पा असावा. पहिल्या आठवड्यात तेथे सुमारे ३५ अंश सेल्सियस तापमान राखून पुढे दर आठवड्यास ते सुमारे ३ अंशांनी कमी करतात. पाण्याच्या पसरट भांड्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. बांबूचे डालगे दिवसा घार व कावळा यांपासून पुरेसे संरक्षण देते. रात्री मात्र कुत्रे ते उलथून टाकते व साप फटीतून आत शिरतो, म्हणून पिल्ले त्याखाली ठेवू नयेत.

पावसाळा आणि पूर

नैर्ऋत्य मोसमी पावसाचा झोत पश्चिमेकडून येतो. निवाऱ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून पश्चिमेची आखूड भिंत भरीव केल्यास भुसा कोरडा राहतो आणि उन्हाळ्यात थेट ऊनही कमी येते. गगनबावड्यासारख्या अतिवृष्टीच्या भागात छपराचे वळचण तीन फुटांपर्यंत बाहेर काढतात.

२००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत करवीर, शिरोळ व हातकणंगले तालुक्यांतील अनेक गावांत पाणी शिरले होते. पुराच्या काळात साप, घुशी व भटकी जनावरेही उंच जागी येतात, त्यामुळे पाणी निवाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच भक्षकांचा धोका वाढतो. नदीकाठच्या पालकाने पक्षी हलवण्यापुरते पिंजरे व कोरडे खाद्य पावसाळ्यापूर्वी तयार ठेवावे. पक्षी रात्री दांड्यावर शांत बसलेले असताना पिंजऱ्यात भरणे सोपे जाते.

हल्ल्यानंतरची तपासणी

हल्ला करणारा प्राणी ओळखल्यास निवाऱ्यातील उणीव शोधता येते. अनेक पक्षी मारून तेथेच टाकलेले असल्यास कुत्र्याचा संशय घ्यावा. अंडी टरफलांसह नाहीशी झाली असतील तर साप किंवा घूस, आणि टरफलांचे तुकडे विखुरलेले असल्यास मुंगूस आले असण्याची शक्यता असते. दाराजवळ किंवा भिंतीच्या पायथ्याशी भुसभुशीत माती किंवा राख पसरून ठेवल्यास पाऊलखुणा मिळतात. एकदा शिकार मिळालेला प्राणी पुन्हा येतो, म्हणून आत येण्याची वाट त्याच दिवशी बुजवावी.

कायदेशीर बाबी

मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, बिबट्या, नाग व धामण या सर्वांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यांना मारणे, फासे लावणे किंवा विष घालणे हा गुन्हा आहे. विषारी आमिषाने घरची कुत्री, गुरे व खुद्द पाळीव पक्षीही मरतात. कुंपणात घरगुती वीज सोडणे बेकायदेशीर असून त्यात माणसांचा जीव जातो. साप किंवा वन्यप्राणी निवाऱ्यात अडकल्यास वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवता येते.

रानमांजर, कोल्हा, मुंगूस व धामण हे प्राणी उसाचे नुकसान करणाऱ्या उंदीर-घुशींवरही जगतात. त्यांचा नायनाट केल्यास शेतातील उंदीर वाढतात व त्यांची झळ पिकाबरोबर पक्ष्यांच्या अंड्या-पिल्लांनाही बसते. एक भक्षक मारला तरी फडात दुसरा असतोच. बुजवलेली फट मात्र त्या सर्वांना अडवते. त्यामुळे भक्कम जोता, बारीक छिद्रांची जाळी आणि सूर्यास्तापूर्वी बंद होणारे दार हेच गिनी फाउलच्या संरक्षणाचे कायदेशीर व परिणामकारक उपाय ठरतात.