वैद्याचा परवाना आणि दाराबाहेरचा रोगी

वैद्यकी वाटेल त्यानें करूं नये, हा विचार पाश्चात्त्य राज्यकर्त्यांनीं आम्हांस प्रथम शिकविला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. शास्त्र पढलेल्या, शस्त्रकर्म प्रत्यक्ष पाहिलेल्या व राजाची अनुज्ञा मिळविलेल्या वैद्यानेंच व्यवसायांत पाऊल टाकावें, असें सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत सांगितलें आहे. आणि कुवैद्य लोकांचे प्राण घेतो तो राजाच्या दोषामुळें, असाही निर्वाळा त्याच ग्रंथांत आहे. रोग प्राणघातक आहे हें न कळवितां उपचार करणाऱ्या वैद्याच्या हातून रोगी दगावल्यास कौटिल्यानें त्यास दंड सांगितला आहे. अर्वाचीन काळीं मुंबई इलाख्यांत 1912 च्या कायद्यानें डॉक्टरांची नोंदणी होऊं लागली, 1938 च्या कायद्यानें वैद्य-हकीम नोंदवहींत आले, आणि 1965 चा कायदा होऊन डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आली. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यांत तर बिनपरवाना वैद्यकी करणारास एक वर्षापर्यंत कैद, किंवा पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.

ही व्यवस्था योग्यच आहे. परंतु तिच्या पोटांत एक कर्तव्य दडलेलें आहे, तिकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. रोग्याच्या अंगास हात लावण्याचा अधिकार राज्यानें एका वर्गास दिला व इतर सर्वांस नाकारला, म्हणजे रोग्यासही दुसरीकडे जाण्याची वाट बंद केली. ज्या गांवांत पाणवठा एकच, आणि दुसरी विहीर खणण्यास मनाई, तेथें अमक्यानें पाण्यास शिवूं नये असें म्हणणें म्हणजे त्यास तहानेनें मारणेंच होय. 1927 सालीं महाडच्या चवदार तळ्यावर जो प्रश्न उभा राहिला, तोच निराळ्या रूपानें आज दवाखान्याच्या दाराशीं उभा आहे.

या दारावरून परत फिरविल्या जाणाऱ्यांत तृतीयपंथी मंडळींची गणना केली पाहिजे. जन्मकाळीं नोंदलेलें लिंग आणि मनाला पटलेली आपली ओळख हीं ज्यांचीं जुळत नाहींत, अशा माणसांस हल्लीं पारलिंगी असेंही म्हणतात. त्यांनाही ताप येतो, दांत दुखतो, मधुमेह होतो. पण पुरुषांच्या खोलींत निजवावें कीं स्त्रियांच्या, या वादांत रोगी बाकावरच ताटकळतो. शिवाय त्यांपैकीं कित्येकांस विशेष उपचार हवे असतात: मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला, संप्रेरकांचीं औषधें, आणि कांहींच्या बाबतींत शस्त्रक्रिया. सर्वांसच शस्त्रक्रिया हवी असते असें मुळींच नव्हे. परंतु ज्यांस ती हवी, त्यांस ती शिकलेल्या हातांनीं मिळणें दीर्घकाळ दुर्लभ होतें. 1860 च्या भारतीय दंडविधानाच्या 320 व्या कलमांत जबर दुखापतीच्या प्रकारांमध्यें पुंस्त्वहरण हा पहिलाच प्रकार होता. त्याच्या भयानें शल्यवैद्य हात आखडीत. वास्तविक, रोग्याच्या संमतीनें व त्याच्या हितासाठीं सद्हेतूनें केलेल्या कृत्यास त्याच दंडविधानाच्या 88 व्या कलमांत संरक्षण होतें. पण भित्र्यास पहिलें कलम दिसतें, दुसरें दिसत नाहीं.

मग तें काम कोण करी? त्या समाजांतील एखादी अनुभवी ‘दाई’. बधिर करण्याचें औषध नाहीं, शस्त्र निर्जंतुक नाहीं. त्यानंतर चाळीस दिवस एकांतांत काढावयाचे. रक्तस्रावानें कोणी दगावे, कोणास मूत्रमार्गाचें दुखणें जन्मभर जडे. संप्रेरकांची गोष्टही अशीच. तपासून औषध देणारा डॉक्टर मिळत नाहीं, म्हणून दुकानांतून गर्भनिरोधाच्या गोळ्या आणून स्वतःच्या अंदाजानें घेणारे आहेत. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका त्यांस कोणी सांगितलेला नसतो. ज्या कुवैद्यापासून लोकांचें रक्षण व्हावें म्हणून परवान्याचा कायदा केला, त्याच्याच दारीं परवानाधारकांच्या नकारानें हीं माणसें लोटलीं जातात. हा दोष कुवैद्याचा किती व सुवैद्याचा किती, याचा विचार वाचकांनींच करावा.

शेजारच्या बीड जिल्ह्यांतील एका पोलीस शिपायाची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. जन्मतः मुलगी म्हणून नोंद, पोलिसांतील नेमणूकही स्त्री म्हणून. पुढें वैद्यकीय तपासणीअंतीं शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, व 2017 सालीं रजेसाठीं अर्ज केला. रजेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर शासनानें परवानगी दिली, व मे 2018 मध्यें मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत पहिली शस्त्रक्रिया झाली. सरकारी रुग्णालयांत, परवानाधारक हातांनीं, उजळ माथ्यानें हें होऊं शकतें, एवढें या एका उदाहरणानें महाराष्ट्रास दिसलें. परंतु त्यासाठीं त्या शिपायास मुंबई गांठावी लागली, हेंही विसरतां येत नाहीं. आमच्या नगराहून मुंबई सुमारें अडीचशें किलोमीटर. आणि ज्यास घरानें टाकलें आहे, त्यास जाण्यायेण्याचा खर्च व सोबत कोण देणार?

कायद्यानें मध्यंतरीं बरीच मजल मारली आहे. 15 एप्रिल 2014 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांस नागरिकत्वाचे सर्व मूलभूत हक्क आहेत असा निर्णय दिला. 2002 सालीं डॉक्टरांसाठीं केलेल्या आचारनियमांत, तातडीचा प्रसंग सोडल्यास, कोणाचें औषध करावें हें डॉक्टरानें आपल्या मर्जीनें ठरवावें अशी मुभा होती. 2019 च्या कायद्यानें तृतीयपंथी म्हणून उपचार नाकारण्यास मनाई करून त्या मर्जीस मर्यादा घातली, आणि शस्त्रक्रिया व संप्रेरकोपचार यांची सोय करणें हें सरकारचें काम ठरविलें. 2022 सालीं वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याची योजना केंद्र सरकारनें जाहीर केली. त्याच वर्षीं, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशास अनुसरून, अशा माणसांस ‘सुधारण्याचे’ तथाकथित उपचार हें व्यावसायिक गैरवर्तन होय, असें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें राज्यांच्या कौन्सिलांस कळविलें. म्हणजे विजेचे झटके वा भलतीं औषधें देऊन मुलाचें मन वळवून देतों असें म्हणणारा डॉक्टर आपला परवानाच पणास लावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगसूचींतही या अवस्थेची गणना मनोविकारांत राहिली नाहीं.

परंतु कायदा झाला म्हणजे दार उघडलें असें नव्हे. पुणें व कल्याण येथें 2021 सालीं खास तृतीयपंथीयांसाठीं निघालेले ‘मित्र’ दवाखाने अमेरिकेच्या सरकारी मदतीवर चालत; ती मदत थांबतांच जानेवारी 2025 मध्यें ते बंद पडले. परक्याच्या ओसरीवर मांडलेली पंगत ओसरीच्या धन्यानें उठविली. यांत दोष धन्याचा थोडा, आपल्या घरांत पाट न मांडणाऱ्या आमचा अधिक.

आमच्या घरांत पाट कसा मांडावा, याचा कित्ता आमच्याच जिल्ह्यांत आहे. अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव चौंडी ज्या जामखेड तालुक्यांत आहे, त्याच जामखेडास 1970 सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. गांवोगांवच्या स्त्रिया, त्यांत पुष्कळशा निरक्षर व दलित, त्यांनीं आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. बाळंतपण, मुलांचें पोषण, कुष्ठरोग्यांची विचारपूस हीं कामें त्या करूं लागल्या, आणि अवघड रोगी डॉक्टरांकडे पाठवूं लागल्या. 1979 सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. परवाना असलेला मनुष्य जबाबदारी सोडीत नाहीं, पण त्याच्यापर्यंत पोंचण्याची वाट रोग्याच्याच शेजारची बाई दाखविते, ही त्या कामाची रीत होय. नगरास जिल्हा रुग्णालय आहे. लोणी व विळद घाट येथें वैद्यक महाविद्यालयें आहेत. तेथें आठवड्यांतून एक वार नेमून, त्या समाजांतीलच एखादी शिकविलेली व्यक्ती सोबतीस ठेवून तपासणी सुरू करणें, हें फार द्रव्याचें काम नाहीं. हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयांत 2022 सालीं दोन पारलिंगी डॉक्टर नेमले गेले. तेव्हां त्या समाजास केवळ रोगी म्हणून पाहण्याचेंही कारण उरलेलें नाहीं.

कांहीं वडील वाचकांस हें सारें परकें वाटेल. त्यांस एवढेंच स्मरण द्यावेंसें वाटतें कीं, संस्कृतांत पत्नीवाचक ‘दार’ शब्द पुल्लिंगी, ‘भार्या’ स्त्रीलिंगी व ‘कलत्र’ नपुंसकलिंगी आहे. शब्दाचें लिंग आणि व्यक्ती हीं एक नव्हेत, हें आपण लहानपणींच शिकलों. चरकानें शारीरस्थानांत प्रकृतीचे असे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यानें दिलेलीं कारणें आज ग्राह्य नाहींत, पण त्यानें डोळे मिटून घेतले नाहींत. त्याच चरकानें विमानस्थानांत, राजाचा वा महाजनांचा रोष झालेल्यांस औषध देऊं नये असा उपदेश शिष्यास केला आहे, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पूर्वजांचें सगळेंच उचलावयाचें नसतें. पाहण्याची दृष्टि घ्यावी, रोषाची यादी सोडून द्यावी.

एकत्र कुटुंबांत आजोबांपासून नातवापर्यंत दहा-बारा माणसें नांदतात. त्यांतील एखाद्या मुलानें वा मुलीनें उद्यां हें गूढ घरांत सांगितलें, तर पहिला शब्द वडीलमाणसांचा असेल. त्या शब्दांत धाक असला तर मूल घराबाहेर जाईल, आणि बाहेर दाईच भेटेल. यासाठीं तें काय म्हणतें हें आधीं ऐकावें. देवर्षी, भगत व ‘बरें करून देतों’ म्हणणारे यांस दूर ठेवावें. डॉक्टराचा नोंदणी क्रमांक पाहावा व मनोविकारतज्ज्ञ आणि अंतःस्रावांचे तज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. औषधाची घाई करूं नये. शस्त्रक्रियेचा विचार मूल वयांत आल्यावर त्यानेंच करावयाचा आहे. परवानाधारक डॉक्टरानें अपमान करून परत पाठविलें किंवा ‘सुधारणेचा’ उपचार सुचविला, तर कौन्सिलकडे लेखी तक्रार करावी. तीवर सही वडिलांची असावी, आणि त्या दिवशीं रुग्णालयांत मुलाबरोबर घरांतील कोणी तरी मोठें माणूस बसलेलें असावें.