व्हिडिओकॉन नेमकी कशाने बुडाली?

भिवंडी तालुक्यातल्या माणकोली, दापोडे, पूर्णा, वळ या पट्ट्यातल्या गोदामांमधून देशभरासाठी माल भरला जातो. त्यात टीव्हीची खोकी असतात, आणि त्यांवरची बहुतेक नावं परदेशी. नव्वदच्या दशकात टीव्हीच्या बाजारातल्या पहिल्या दोन-तीन नावांत असलेली व्हिडिओकॉन कुठे गेली, असं कुणी विचारलं की उत्तर तयार असतं: ‘कोरियावाल्यांनी खाल्ली.’

त्याआधी एक जुनी समजूत. व्हिडिओकॉन जपानी नव्हती. तोशिबाशी तंत्रज्ञानाचा करार असल्याने अनेकांना ती जपानी वाटे. कंपनी धूत कुटुंबाची होती, आणि कारखाना तेव्हाच्या औरंगाबादजवळ पैठण रस्त्यावर, चितेगावला.

आता कोरियावाले. सॅमसंग भारतात 1995 साली आली, एलजी 1997 साली. व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली 2018 साली. म्हणजे दोघींशी झुंजत ती वीस वर्षं उभी होती. 2005 साली तर तिने इलेक्ट्रोलक्सचा भारतातला धंदा विकत घेतला. कोरियन कंपन्यांनी तिचा वाटा कमी केला हे खरं. पण वाटा कमी झाला म्हणजे कंपनी बुडालीच असं नाही.

माझ्या मते खरी चूक त्याच 2005 सालची. फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा व्हिडिओकॉनने सुमारे 24 कोटी युरोंना घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन, सगळीकडचे कारखाने एकदम हाती आले. हिशोब वरवर बिनचूक होता. टीव्हीत सगळ्यात महाग भाग ट्यूबच. ती घरची असली की टीव्ही स्वस्त पडतो. भारतात तर ट्यूबची काचसुद्धा समूहाच्या भरूचच्या कारखान्यात बनत होती. पण तेवढ्यात सपाट पडद्याचे टीव्ही स्वस्त होऊ लागले. त्यांत ना ट्यूब, ना ती जाड काच. एलसीडीचं पॅनेल बनवायला कारखानाच वेगळा लागतो, आणि तो उभारायला अफाट भांडवल. काच वितळवणाऱ्या भट्टीत पॅनेल बनत नाही. जी साखळी कंपनीची ताकद होती, तीच गळ्यात अडकली. (भिवंडीकरांना हे नवं नाही. धोट्याचे साधे माग बिनधोट्याच्या मागांपुढे मागे पडले, तरी चहाच्या टपरीवर दोष मिळतो तो चिनी कापडाला.)

‘टू-जीच्या निकालाने बुडाली,’ असंही म्हणतात. व्हिडिओकॉन मोबाइल सेवेतही होती. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टू-जी स्पेक्ट्रमचे 122 मोबाइल परवाने रद्द केले, त्यांत व्हिडिओकॉनचे 21 होते. फटका मोठाच. पण त्याच वर्षी कंपनी पुन्हा लिलावात उतरली, स्पेक्ट्रम घेतला आणि 2016 साली तो एअरटेलला 4,428 कोटींना विकायचा करार केला. शिवाय मोझांबिकच्या वायुक्षेत्रातला 10 टक्के हिस्सा विकून जवळपास अडीच अब्ज डॉलर मिळाले होते. पैसा येत होता, पण कर्ज त्याहून वेगाने वाढत होतं. टीव्ही-फ्रिजच्या नावावर कमावलेली पत तेल, फोन आणि डीटीएचमध्ये लावली गेली, आणि या धंद्यांत वर्षानुवर्षं पैसा ओतावा लागतो.

आयसीआयसीआय बँकेने व्हिडिओकॉनला दिलेल्या कर्जाचं प्रकरण गाजल्यामुळे सगळं कर्ज त्या एकाच बँकेचं, असा ग्रह झाला. त्या बँकेचं कर्ज 3,250 कोटींचं होतं. स्टेट बँकेच्या पुढाकाराने वीस बँकांनी मिळून दिलेल्या सुमारे 40,000 कोटींतला तो एक भाग. दिवाळखोरीचा अर्जही स्टेट बँकेचाच होता.

शेवटची समजूत, ‘वेदांताने फुकटात घेतली.’ कर्जदात्यांचे मान्य झालेले दावे सुमारे 64,838 कोटींचे होते. वेदांताचे अनिल अगरवाल यांच्या ट्विन स्टार कंपनीने 2,962 कोटी देऊ केले, म्हणजे रुपयाला पाच पैशांहूनही कमी. जून 2021 मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, आश्चर्य व्यक्त करत का होईना, ते मंजूर केलं. बातम्या तिथेच थांबल्या आणि लोकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. पण जानेवारी 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली.