साडेतीन टनांचं घर

जानेवारीत श्टुटगार्टच्या विमानतळाशेजारच्या प्रदर्शन-दालनांत गेलं, की जिकडेतिकडे परक्या पलंगांवर आडवी झालेली माणसं दिसतात. बूट दाराशी काढलेले, कोट पायथ्याशी, नवराबायको छताकडे बघत कुजबुजतायत. पलीकडच्या गाडीत एक आजोबा संडासात शिरून दार आतून लावून बघतात, गुडघे दाराला लागतात का ते. सीएमटी नावाचं हे प्रदर्शन १९६८ पासून भरतं आणि दक्षिण जर्मनीत पहिलं मोटरहोम घ्यायचं म्हणणारा बहुतेक जण इथे एकदा तरी येतोच. पुण्याहून इथल्या मोटार-उद्योगात नोकरीला आलेली आमच्यासारखी मराठी कुटुंबंही आता या गर्दीत दिसतात.

प्रदर्शनाचा खरा उपयोग या आडवं होण्यातच आहे. हायमर, डेटलेफ्स, बुर्स्टनर, हॉबी, क्नाउस या सगळ्यांच्या गाड्या एका छपराखाली, चार पावलांच्या अंतरावर. माहितीपत्रकात १९५ सेंटिमीटरचा म्हणून लिहिलेला पलंग पायाकडे निमुळता होत जातो, हे झोपल्याशिवाय कळत नाही. मी प्रत्येक गाडीत आधी ओट्यापाशी उभी राहत होते. तीन बर्नर असतात, पण एकावर पाच लिटरचा कुकर ठेवला की शेजारी तवा बसतो का? बहुतेक ठिकाणी बसत नाही. पोळपाट टेकवायला सिंकवरची झाकणी आडवी टाकावी लागते. एका विक्रेत्याने मला विचारलं, "तुम्ही गाडीत एवढा स्वयंपाक करणार?" हो, करणार. पावसात अडकलेल्या मुलांना पिठलं-भात कुठे शिजवून घालायचा, हा आमच्यासाठी गाडीच्या इंजिनाइतकाच महत्त्वाचा प्रश्न होता.

पण प्रदर्शनातली गाडी मुकी असते. इंजिन बंद, गॅस नाही, नळाला पाणी नाही. दालन उबदार, त्यामुळे हीटरची परीक्षा नाही. खडबडीत रस्त्यावर कपाटं किती खडखडतात, मागे घेताना आरशात काय दिसतं, यातलं काहीच तिथे समजत नाही. आणि तिथल्या गाड्या नटवलेल्या असतात. चांदणी (गाडीबाहेर ओढायचं कापडी छत), सौर पॅनेल, ऑटोमॅटिक गिअर, टीव्ही, जादा बॅटरी, सगळं बसवलेलं. डोळ्यांना तीच गाडी आवडते आणि पाटीवरची किंमत मात्र पुष्कळदा साध्या गाडीची असते.

किमतीपेक्षा मला वजनाची जास्त काळजी वाटते, आणि याबद्दल प्रदर्शनात कुणी आपण होऊन बोलत नाही. वजनाची मर्यादा परवान्यापासूनच सुरू होते. भारतीय परवाना जर्मनीत राहायला आल्यावर सहा महिनेच चालतो. मग इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन जर्मन परवाना काढावा लागतो. तो ब वर्गाचा, म्हणजे ३,५०० किलोपर्यंतचा. १९९९ पूर्वी इथे परवाना काढलेल्या जुन्या लोकांना साडेसात टनांपर्यंतची मुभा आहे. शेजारचे आजोबा जी अवजड गाडी सहज हाकतात, ती आम्हाला कायद्याने चालवता येत नाही.

आता हिशेब बघा. सात मीटर लांबीची, चार जणांची गाडी. कागदावर तिचं चालू स्थितीतलं वजन समजा २,९८० किलो. त्यात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के डिझेल धरलेलं असतं. उरले ५२० किलो. बाकीचे तिघे, नियमाप्रमाणे प्रत्येकी ७५ किलो, म्हणजे २२५ गेले. राहिले २९५. प्रदर्शनात मन मोहवणाऱ्या त्या चांदणी-पॅनेल-टीव्हीचे मिळून दीडशे धरा. राहिले १४५. पाण्याची टाकी शंभर लिटरची असली, तरी तक्त्यात बऱ्याचदा वीसच लिटर पाणी मोजलेलं असतं. टाकी भरली की आणखी ८० किलो. हातात उरतात ६५ किलो, आणि त्यात चौघांचे कपडे, अंथरुणं, भांडी, सायकली, किराणा. यावर कडी म्हणजे, कागदावरच्या चालू स्थितीतल्या वजनात पाच टक्क्यांचा फरक नियमाला मान्य आहे. २,९८० किलोवर तो १४९ किलो होतो. म्हणजे गाडी सगळ्या कागदपत्रांनिशी कायदेशीर असूनही, पहिल्या सुट्टीला निघतानाच जादा वजनाची ठरू शकते. युरोपीय नियमात मोटरहोमला किमान भारक्षमता सांगितली आहे: माणसांची संख्या अधिक मीटरमधली लांबी, गुणिले दहा. आमच्या उदाहरणात ११० किलो. चौघांच्या कुटुंबाला एवढ्यात आठवडा काढणं अवघड आहे.

हा हिशेब मी स्टॉलवर मांडला, तेव्हा विक्रेता कंटाळला नाही, पण घाईत होता. मागे रांग होती. "प्रदर्शनाचा भाव रविवारपर्यंतच," तो म्हणाला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "अगं, चार हजार युरो कमी होतायत." मी म्हटलं, "अहो, सही केली की परत फिरता येणार नाही."

खरोखरच येत नाही. दारावर आलेल्या विक्रेत्याकडून किंवा ऑनलाइन काही घेतलं, तर ग्राहकाला १४ दिवसांत करार मोडता येतो. पुष्कळांना वाटतं, प्रदर्शनातल्या खरेदीलाही ही सवलत असेल. बर्लिनच्या 'ग्र्युने वोखे' प्रदर्शनात विकल्या गेलेल्या वाफेच्या व्हॅक्यूम क्लीनरवरून हा वाद युरोपीय न्यायालयात गेला होता. २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जिथे विक्री चालणार हे सामान्य ग्राहकाला दिसतच असतं, असा स्टॉल दुकानासारखाच धरायचा. मोटरहोमच्या स्टॉलवर विक्री चालते हे कुणालाही दिसतं. तिथे भरलेला मागणी-अर्ज ग्राहकाला बांधून ठेवतो, आणि नव्या गाडीच्या छापील अटींमध्ये गाडी न उचलल्यास किमतीच्या १५ टक्के भरपाई सर्रास लिहिलेली असते. ८०,००० युरोंच्या गाडीवर ती १२,००० युरो होते. चार हजारांच्या सवलतीपुढे हा आकडा ठेवून बघावा.

दुसरी गोष्ट अंतराची. स्टॉलवर कंपनीची पाटी असली, तरी करार बहुधा एखाद्या डीलरशी होतो, आणि तो डीलर चारशे किलोमीटरवरचा असू शकतो. एका फ्रेंच दांपत्याने जर्मन डीलरकडून घडीचा कॅम्पिंग-ट्रेलर घेतला आणि त्यात दोष निघाला. डीलरने तो फ्रान्सला येऊन न्यावा, असा त्यांचा आग्रह होता. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०११ मध्ये ठरवलं की अशी दुरुस्ती साधारणपणे विक्रेत्याच्या गावी होणार. नेण्याचा खर्च विक्रेत्याकडून आगाऊ मागता येतो, हे याच न्यायालयाने पुढे २०१७ मध्ये स्पष्ट केलं. पण पैसे मिळाले तरी तितके किलोमीटर गाडी हाकायची आपल्यालाच. मोटरहोममध्ये तर हे वारंवार घडतं. भिंती आणि छपराच्या सांध्यांतून पाणी झिरपत नाही ना, याची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते. ती चुकली की गळतीची हमी जाते. म्हणून मला वाटतं, आपण गाडीबरोबर एक वर्कशॉपही निवडत असतो, आणि ते घराजवळ असलेलं बरं.

आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या डीलरकडे गेलो, तेव्हा पाऊस होता आणि आवारात चिखल. पण तिथे गाडी चालवायला मिळाली. मागच्या कपाटाचं दार वळणावर उघडलं, ते त्याने तिथेच घट्ट करून दाखवलं. मी आधी विक्री-कक्षात न जाता वर्कशॉपमध्ये गेले आणि विचारलं, आज गळती सापडली तर तपासणीची तारीख कधीची मिळेल? ज्या डीलरला याचं सरळ उत्तर देता येत नाही, त्याची सवलत कितीही मोठी असली तरी मी ती घेणार नाही.

त्यांच्या मिस्त्रीने बॉयलरखालची एक छोटी झडप दाखवली. झडपेजवळचं तापमान तीन अंशांच्या आसपास उतरलं की ती आपोआप उघडते आणि बॉयलरमधलं पाणी खाली सोडून देते, नाहीतर गोठलेलं पाणी टाकी फोडेल. नव्या मालकांना वाटतं गाडी गळतेय. प्रदर्शनात इतका वेळ कुणाला असतो?

काही डीलर तीच गाडी आधी भाड्याने देतात आणि खरेदी झाल्यास भाडं किमतीतून वजा करतात. पहिलीच गाडी असेल, तर याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. कोविडनंतर चासींचा तुटवडा होता, तेव्हा लोक वर्षभर थांबत होते आणि मिळेल ती गाडी धरत होते. पुढे डीलरांच्या आवारात गाड्या साचल्या आणि घासाघीस पुन्हा सुरू झाली. प्रदर्शनातला भाव कागदावर घेऊन डीलरकडे जाण्यात काहीच गैर नाही, आम्ही गेलो. चार हजार नाही, पण बऱ्यापैकी रक्कम त्याने कमी केली, आणि गाडी आणण्याचा व कागदपत्रांचा खर्च वेगळा लावला नाही.

आम्ही चांदणी ठेवली, टीव्ही आणि ऑटोमॅटिक गिअर काढून टाकले. करारात एक वाक्य जास्तीचं लिहून घेतलं: चार माणसं आणि भरलेली पाण्याची टाकी धरून, गाडीत सामानासाठी किमान दोनशे किलो उरले पाहिजेत. डीलरने आधी आढेवेढे घेतले. मग गाडी आल्यावर वजनकाट्यावर नेऊन पावती देण्याचं त्याने त्याच कागदावर लिहून दिलं, आणि आम्ही सही केली.