कळ नेणारे तंतू, आतड्याचे राखणदार

पोटात कळ आली की ती लवकर थांबावी, एवढंच माणसाला हवं असतं. पण कळेची वर्दी मेंदूला देणारे मज्जातंतू तेवढंच काम करत नाहीत. आतड्याची डागडुजीही ते करवून घेतात.

‘आव पडते’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आजार येतो. मात्र आव म्हणजे जो बुळबुळीत श्लेष्म, तो निरोगी आतड्यातही असतोच, आणि असावाच लागतो. मोठ्या आतड्यात त्याचे दोन थर असतात. वरच्या सैलसर थरात जिवाणू सुखाने नांदतात, खालच्या घट्ट थरात मात्र त्यांचा शिरकाव जवळजवळ होत नाही. त्या आडोशाला आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होत राहतं. थर विरळ झाला की जिवाणू थेट पेशींना भिडतात, सूज येते, व्रण पडतात. हा श्लेष्म तयार होतो गॉब्लेट पेशींत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेल्यासारख्या दिसतात.

हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या आयझॅक च्यू यांच्या गटाला दिसलं, की वेदनेचे तंतू या पेशींच्या अगदी लगत पोचलेले असतात. २०२२ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. तंतू चेतवला की त्याच्या टोकातून सीजीआरपी नावाचा छोटा प्रथिनतुकडा बाहेर पडतो. गॉब्लेट पेशीवर रॅम्प१ नावाचा त्याचा ग्राहक असतो. दोघांची गाठ पडली की पेशी आपला श्लेष्म ओतते. ज्या उंदरांचे हे तंतू काढून टाकले, त्यांच्यातला थर पातळ झाला, आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटली, आणि रसायनाने आणलेला आतड्याचा दाह त्यांना जास्त जाचला. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं: अशा उंदरांना बाहेरून सीजीआरपी दिल्यावर त्यांचं आतडं दाहापासून बऱ्याच अंशी वाचलं. तंतू नसले तरी त्यांचा निरोप पुरेसा ठरला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमधल्या डेव्हिड आर्टिस यांच्या गटाने ‘सबस्टन्स पी’ या दुसऱ्या निरोप्याचं असंच राखणीचं काम दाखवलं.

मिरचीतलं कॅप्सायसिन हेच तंतू चेतवतं. ते दिल्यावर उंदरांमध्ये श्लेष्म सुटला. म्हणून कोणी सुजलेल्या आतड्यावर ठेच्याचा उपाय करू नये. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि दुखऱ्या आतड्याला तिखट सोसत नाही हे रुग्णाला पुरेपूर ठाऊक असतं.

खरा प्रश्न अर्धशिशीच्या रुग्णांचा आहे. अर्धशिशीतही सीजीआरपीच वेदना वाढवतो. तो अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून वापरात आली, आणि महिन्यातले कित्येक दिवस अंधाऱ्या खोलीत काढणाऱ्यांना त्यांनी मोठा दिलासा दिला. त्यांतल्या एरेनुमॅबने काहींना बद्धकोष्ठ होतो, हे नोंदलेलं आहे. ज्यांना अर्धशिशीही आहे आणि आतड्याचा जुनाट दाहही, त्यांच्यात हा निरोप्या वर्षानुवर्षं अडवून ठेवला तर श्लेष्माच्या थराचं काय होतं, ते आता माणसांत तपासायला हवं.