तारीख आणि वेळ यांची जोडणी : संगणकीय नोंदींतील दुर्लक्षित दुवा

बडोद्यातील खंडेराव मार्केटची देखणी इमारत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली. आज तेथे बडोदा महानगरपालिकेचे मुख्यालय आहे. त्याच सुमारास, १ जानेवारी १९०६ रोजी, ब्रिटिश हिंदुस्थानात भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईने मात्र ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. ‘किती वाजले’ या प्रश्नामागे ‘कोठल्या घड्याळानुसार’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो, हे त्या पिढीला अनुभवाने ठाऊक होते. नागरी सेवांचे अर्ज संकेतस्थळांवर आल्यापासून हाच प्रश्न संगणक आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे नव्याने उभा आहे.

जन्ममृत्यूची नोंद हे कोणत्याही महापालिकेचे मूलभूत काम. १९६९च्या कायद्यानुसार जन्माची माहिती सर्वसाधारणपणे २१ दिवसांत द्यावी लागते. २०२३च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी आदी कामांसाठी जन्मदाखल्याचे महत्त्व अधिकच वाढले आहे. अशा नोंदीत एका दिवसाची चूकही आयुष्यभर पाठपुरावा करू शकते.

समजा, एखाद्या बाळाचा जन्म बडोद्यात १० मार्च २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटांनी झाला. अर्जात तारखेचा रकाना वेगळा आणि वेळेचा वेगळा असतो. पडद्यावर त्या कशाही दिसोत, ब्राउझर त्या ‘२०२५-०३-१०’ आणि ‘००:२०’ अशा ठरावीक साच्यात पुढे पाठवतो. या दोन तुकड्यांचा एकच क्षण बनवायचा असतो आणि घोटाळा नेमका येथेच होतो.

जावास्क्रिप्ट या भाषेचा नियम असा, की नुसती तारीख दिली तर ती जागतिक प्रमाणवेळेतील मध्यरात्र मानली जाते. तारखेसोबत वेळ दिली आणि वेळक्षेत्र दिले नाही, तर ती वापरकर्त्याच्या यंत्राची स्थानिक वेळ समजली जाते. त्यामुळे आधी नुसत्या तारखेपासून क्षण बनवून मग त्यात तास-मिनिटे भरण्याची प्रचलित पद्धत भारतात बिनचूक चालते. तोच अर्ज न्यू जर्सीतील नातेवाइकाने भरला, तर तेथील घड्याळानुसार तो क्षण ९ मार्चच्या रात्री आठचा ठरतो आणि तास-मिनिटे ९ तारखेला जाऊन चिकटतात. भारतात केलेल्या चाचणीत हा दोष दिसतच नाही. दोन्ही तुकडे एकत्र जोडले, पण वेळक्षेत्र लिहिले नाही, तर लिस्बनमधून भरलेल्या अर्जात ते ००:२० लिस्बनचे ठरतात. म्हणजे भारतात पहाटेचे ५ वाजून ५० मिनिटे.

उपाय अवघड नाही. दोन्ही तुकडे प्रथम मजकूर म्हणूनच जोडावेत, मध्ये रोमन ‘टी’ हे अक्षर ठेवावे आणि शेवटी घटना घडली त्या ठिकाणचे वेळक्षेत्र स्पष्ट लिहावे : ‘२०२५-०३-१०टी००:२०:००+०५:३०’. आता अर्ज कोठूनही भरला तरी क्षण बदलत नाही. तुकडे आकडे म्हणून वेगळे दिले, तर या भाषेत महिन्यांची मोजणी शून्यापासून होते आणि ३ म्हणजे एप्रिल, हेही लक्षात ठेवावे लागते.

एवढ्यावर मात्र काम संपत नाही. हाच क्षण जागतिक प्रमाणवेळेत ९ मार्चच्या सायंकाळी ६ वाजून ५० मिनिटांचा आहे. साठवलेल्या क्षणातून पहिली दहा चिन्हे कापून जन्मतारीख छापली, तर दाखल्यावर ९ मार्च येईल. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या प्रत्येक घटनेला हा धोका आहे. म्हणून जन्मतारीख ही तारीख म्हणूनच स्वतंत्र साठवावी. एकत्रित क्षण क्रम लावण्यासाठी आणि मुदत मोजण्यासाठी वापरावा.

जुन्या नोंदी संगणकावर आणताना आणखी सावधगिरी हवी. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारतातील घड्याळे एक तास पुढे होती. ‘एशिया/कोलकाता’ या नावाच्या वेळक्षेत्रात हा बदल नोंदलेला आहे. नुसत्या साडेपाच तासांच्या फरकात तो नाही. मुंबईची जुनी वेळ तर त्या नावातही सापडत नाही. १९६१पूर्वीच्या गोव्यातील पोर्तुगीज दप्तरांनाही ब्रिटिश हिंदुस्थानच्या वेळेचे नियम डोळे झाकून लावता येत नाहीत. अशा ठिकाणी कागदावरील तारीख आणि वेळ जशीच्या तशी जतन करून सोबत स्थळ नोंदवणे, हाच सुरक्षित मार्ग आहे.